वचनाचा पुराणिक : फादर थॉमस स्टीफन्स

इ. स. १६१५ च्या आरंभी गोव्याचा व्हाइसरॉय दों जेरोनिमु द अझेव्हेदु मोठे आरमार घेऊन जातीने सुरतेच्या दिशेने गेला होता. सुरतेजवळ सुवाळीच्या किनाऱ्यावर वाळूच्या दांड्याआड निकोलस डाउंटन या कप्तानाची चार इंग्रज जहाजे नांगर टाकून उभी होती. पोर्तुगिजांची थोरली गलबते त्या उथळ पाण्यात शिरू शकेनात. त्यांनी पेटती जहाजे सोडून पाहिली, तीही वाया गेली. अखेर व्हाइसरॉय रिकाम्या हाती परतला आणि सुरतेतली इंग्रजांची वखार टिकली. पुढच्या तीन शतकांचा इतिहास कोणत्या दिशेने वळणार, हे त्या वाळूच्या दांड्यावर बरेचसे ठरून गेले.

त्याच काळात गोव्याच्या सासष्टी महालात पासष्टीला पोचलेला एक इंग्रज आपल्या मराठी ओव्यांच्या ग्रंथाला छपाईचा परवाना मिळवण्याच्या खटपटीत होता. त्याला सुरतेच्या वखारीत रस असण्याचे कारण नव्हते. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी त्याने मायदेश सोडला होता आणि पुन्हा तिकडे पाऊल टाकले नव्हते. सासष्टीतले लोक त्याला पाद्री इस्तेव म्हणून ओळखत. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तो फादर थॉमस स्टीफन्स या नावाने राहिला. त्याचा ग्रंथ म्हणजे आपण आज ज्याला ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो तो.

शालेय पाठ्यपुस्तकांमुळे स्टीफन्स यांची ओळख बहुतेकांना मराठीचे गुणगान करणारा परदेशी पाद्री एवढीच असते. रत्न, मोगरा आणि कस्तुरीच्या उपमा असलेल्या त्या चार-सहा ओव्या सुंदर आहेतच; पण सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातून तेवढ्याच उचलल्या की ग्रंथाचा गाभा हातातून निसटतो. स्टीफन्स यांनी मूळ ग्रंथाला दिलेले पोर्तुगीज नाव जगाच्या तारकाच्या आगमनाविषयीचे निरूपण अशा अर्थाचे आहे. ‘आगमन’ हा त्यातला कळीचा शब्द. जो येणार असे वचन दिले गेले होते तो किती उशिराने आला, आणि मधल्या काळात माणसांनी काय केले, याची ही कथा आहे. ती सांगणाऱ्याचे आयुष्यही बरेचसे वाट पाहण्यातच गेले.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातील बुश्टन या गावी झाला. वडील लंडनमधले व्यापारी होते. तो काळ इंग्लंडमध्ये धर्माच्या नावाने माणसे तुरुंगात जाण्याचा आणि फासावर चढण्याचा होता. राणी एलिझाबेथच्या राज्यात जुन्या कॅथलिक पंथाला चिकटून राहणे धोक्याचे झाले होते. तरुण स्टीफन्स यांची गाठ टॉमस पाउंड या श्रीमंत कॅथलिक सरदाराशी पडली. कधीकाळी राणीच्या दरबारात मिरवणारा हा गृहस्थ वैराग्य येऊन धर्माकडे वळला होता. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचा बेत केला. स्टीफन्स पाउंडचे नोकर बनून त्यांच्याबरोबर वावरू लागले. पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले, आणि स्टीफन्स एकटेच रोमला पोचले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांना येशूसंघात घेण्यात आले.

पाउंडची पुढची कथा येथे सांगितली नाही तर स्टीफन्स यांच्या मनाची घडण कळत नाही. रोममध्ये राहून स्टीफन्स यांनी आपल्या तुरुंगातल्या मित्रासाठी वरिष्ठांकडे रदबदली केली. अखेर १५७८ मध्ये संघाने पाउंडला बंदिवासातच आपला मानले. म्हणजे ज्याने बेत रचला तो कोठडीत राहिला आणि जो त्याच्या सोबतीला निघाला होता तो मुक्कामी पोचला. पाउंडनी कधी या तर कधी त्या तुरुंगात मिळून तीसेक वर्षे काढली. राणीच्या निधनानंतरच त्यांची कायमची सुटका झाली. एका माणसाला मागितलेले लगेच मिळते, दुसऱ्याला तीस वर्षांनी, असे का, याचे उत्तर स्टीफन्स यांनी कुठे लिहून ठेवलेले नाही. मात्र पुढे त्यांनी ज्या गोष्टी मराठीत सांगितल्या त्यांत हा प्रश्न वेगवेगळ्या वेशांत येत राहतो.

येशूसंघातले अनेक इंग्रज तरुण गुपचूप मायदेशी परतून मरणाला सामोरे गेले. एडमंड कँपियन यांना १५८१ मध्ये लंडनमध्ये फाशी दिले गेले. स्टीफन्स यांची वाट पूर्वेकडे वळली. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले. हा प्रवास साडेसहा महिन्यांचा झाला. गोव्याला पोचल्यावर १० नोव्हेंबर रोजी वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तो तपशिलाने वर्णिला आहे. पत्र धर्मोपदेशकाचे कमी आणि चौकस व्यापारीपुत्राचे अधिक वाटते. वारे, प्रवाह, मासे, पक्षी, समुद्रात रेखांश ओळखता न येण्याची अडचण, हिरड्या सुजवणारा खलाशांचा रोग आणि त्याने घेतलेले बळी, सारे त्यात आहे. हिंदुस्थान जवळ आला असे सुकाणूवाल्यांना वाटत असतानाच जहाज सोकोत्रा बेटाच्या बाजूला ओढले गेल्याचे ध्यानात आले. पुढे कितीतरी दिवसांनी पाण्यावर पक्षी दिसू लागले, तरंगत आलेल्या माडाच्या झावळ्या दिसल्या, पृष्ठभागावर पोहणारे साप दिसले. किनारा अजून नजरेत नव्हता, पण त्याची खूण पटली होती. २४ ऑक्टोबरला जहाज गोव्याच्या बंदरात शिरले. हिंदुस्थानात वास्तव्याला आलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहास त्यांच्याकडे पाहतो.

हे पत्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड हॅक्लूटच्या प्रवासवर्णनांच्या प्रसिद्ध संग्रहात छापले गेले आणि लंडनच्या व्यापाऱ्यांच्या वाचनात आले. इंग्रजांना हिंदुस्थानची ओढ लागण्याचे श्रेय एकट्या या पत्राला देण्याची प्रथा आहे; ती अतिशयोक्ती म्हणावी लागेल. मात्र १५८३ च्या अखेरीस घडलेल्या एका प्रसंगाचा धागा सुरतेपर्यंत नक्कीच जातो. होर्मुझला पकडलेले राल्फ फिच, जॉन न्यूबरी, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी हे चार इंग्रज हेर असल्याच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगात आणून टाकण्यात आले. स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी शब्द खर्च केला आणि महिन्याभरात ते जामिनावर सुटले. चित्रकार असलेला स्टोरी गोव्यातच राहिला. उरलेल्या तिघांनी पुढच्या एप्रिलमध्ये गोव्यातून पळ काढला आणि ते विजापूरच्या वाटेला लागले. त्यांतला फिच १५९१ मध्ये लंडनला परतला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या उभारणीच्या वेळी त्याच्या माहितीचा उपयोग केला गेला. २४ ऑगस्ट १६०८ रोजी कंपनीचे ‘हेक्टर’ जहाज सुरतेच्या बाऱ्यावर लागले त्यामागे ज्या अनेक गोष्टी होत्या, त्यांत गोव्यातल्या एका पाद्र्याची ही रदबदलीही होती. स्टीफन्स यांनी ती केली ती देशबांधवांच्या कळवळ्याने. पुढे त्यातून काय उगवेल याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते.

स्टीफन्स सासष्टीत आले तेव्हाची सासष्टी कशी होती हे गोमंतकीय वाचकाला वेगळे सांगायला नको. १५६७ मध्ये रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगिश याने सासष्टीतली सुमारे २८० देवळे पाडली होती. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ ही दैवते भाविकांनी जुवारीपलीकडे अंत्रुजात नेली. जे मागे राहिले त्यांतले पुष्कळ ख्रिस्ती झाले. कोणी मनाने, कोणी जमीन टिकावी म्हणून, कोणी भीतीने. जुन्या पोथ्या बाळगणे गुन्हा ठरला. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीत या दडपशाहीचा स्फोट झाला. गावकऱ्यांनी रुदोल्फो आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांना ठार मारले. सूड म्हणून पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या सोळा नायकांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांची कत्तल केली. त्यांतला एक तेवढा निसटला. या घटनेनंतर स्टीफन्स यांनी पॅरिसमध्ये असलेल्या आपल्या भावाला लॅटिनमधून पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीची हकीगत आहे आणि त्याच पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी जुळते असे निरीक्षणही आहे. युरोपातल्या विद्वानांनी या साम्याचे शास्त्र मांडले ते त्यानंतर दोनशे वर्षांनी.

एकाच कागदावर आपल्या सोबत्यांचे मरण आणि मारणाऱ्यांच्या भाषेचे कौतुक लिहिणारा हा माणूस पुढे सुमारे चाळीस वर्षे सासष्टीतच राहिला. तो कोकणी बोलू लागला, तिचे व्याकरण त्याने मांडले. मराठी मात्र तो ग्रंथांतून शिकला, आणि तीही अशी की त्याच्या ओवीवर ज्ञानेश्वरीची छाया अभ्यासकांना स्पष्ट दिसते. पैठणला एकनाथ भागवतावर ओव्या रचत होते त्याला तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. ज्या पोथ्या घरात ठेवल्याबद्दल त्याच्या कळपातल्या लोकांना शिक्षा होत असे, त्या पोथ्यांच्या भाषेतच त्यांना नवे पुराण द्यायचे त्याने ठरवले. यातली विसंगती लपवण्यात अर्थ नाही. स्टीफन्स यांनीही ती लपवलेली नाही. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी एक प्रसंग रचला आहे. सासष्टीत रविवारची शिकवण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठतो आणि पाद्र्याला विचारतो की, तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला ऐकायला दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न नम्र असला तरी त्यात तक्रार आहे. सगळा ग्रंथ म्हणजे त्या तक्रारीला दिलेले उत्तर होय.

हे उत्तर दोन भागांत आहे. पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वर, दुसऱ्यात एकोणसाठ. ख्रिस्ताचा जन्म सांगण्याआधी स्टीफन्स छत्तीस अध्याय श्रोत्यांना थांबवून ठेवतात, हे पुरेसे लक्षात घेतले जात नाही. घाईच्या धर्मोपदेशकाने थेट बेथलेहेम गाठले असते. त्यांनी मात्र आरंभ सृष्टीच्या उत्पत्तीपासून केला. पहिल्या जोडप्याच्या हातून चूक होते, ते नंदनवनातून बाहेर घातले जाते, आणि शिक्षेच्या त्याच क्षणी पुढे कधीतरी स्त्रीच्या वंशातून तारणारा येईल असे वचन मिळते. कधी, ते सांगितले जात नाही. उरलेले सगळे पहिले पुराण या न सांगितलेल्या तारखेच्या छायेत चालते.

बायबलमधल्या ज्या कथा पहिल्या पुराणाला आधार आहेत, त्या या दृष्टीने पाहिल्या तर एकाच सूत्रात ओवलेल्या दिसतात. अब्राहाम पंचाहत्तर वर्षांचा असताना देव त्याला मोठ्या वंशाचे वचन देतो. मूल होते ते तो शंभर वर्षांचा झाल्यावर. मधल्या पंचवीस वर्षांत त्याचा धीर सुटतो, पत्नी सारा दासीकरवी वंश वाढवायचा उपाय काढते, आणि त्या उतावळेपणाचे दुःख सगळ्या घराला भोगावे लागते. पुढे मूल होणार हे पुन्हा सांगितले जाते तेव्हा सारा हसते. योसेफाला भाऊ विकतात आणि तो परमुलखात तुरुंगात पडतो. ज्या राजसेवकाच्या स्वप्नाचा त्याने अर्थ सांगितला तो सुटल्यावर त्याला विसरतो, आणि योसेफ आणखी दोन वर्षे कोठडीत राहतो. ती दोन वर्षे व्यर्थ गेली असे योसेफाला तेव्हा वाटले असणारच. राजाला स्वप्न पडण्याची वेळ आली तेव्हा मात्र तो नेमका हाताशी होता. मोशे चाळीस वर्षे लोकांना रानातून नेतो आणि वचनाची भूमी डोंगरमाथ्यावरून पाहून मरतो. त्याचे पाऊल तिच्यावर पडत नाही. दाविदाला पोरवयात अभिषेक होतो, पण सिंहासन मिळेपर्यंत त्याला गुहांमधून जीव वाचवत फिरावे लागते. मागून संदेष्टे येतात. देश बुडालेला, मंदिर जळालेले, लोक परदेशी कैदेत, आणि हे संदेष्टे येणाऱ्याचे वर्णन करत बसलेले.

सासष्टीच्या श्रोत्यांना वाट पाहण्याची कथा नवी नव्हती. देवकीच्या आठव्या पुत्राची आकाशवाणी, गंगेसाठी पिढ्यानपिढ्या खपलेले सगराचे वंशज, बोरे वेचत बसलेली शबरी, शिळा होऊन पडलेली अहल्या हे सारे त्यांच्या आज्यांनी त्यांना सांगितलेले होते. म्हणून स्टीफन्स यांची कथा त्यांच्या कानांना परकी लागली नसावी. देवाला परमेश्वर, स्वर्गाला वैकुंठ, गुरूला गुरू म्हणणारी ती भाषा घरचीच होती. पण एक फरक मोठा होता. जुन्या पुराणांत अवतार युगायुगांत होतात. एक संधी गेली तरी काळाचे चक्र फिरून पुन्हा येते. ख्रिस्तपुराणातला तारणारा एकदाच येतो, म्हणून त्याच्या आधीचा प्रत्येक दिवस मोजलेला आहे आणि उशीर हा खरोखरचा उशीर आहे. अशा कथेत धीर धरणे कठीण आणि धीर सोडणे महाग. काळ पुरा भरल्यावरच तो आला, ही ख्रिस्ती शास्त्राची भूमिका. काळ भरण्यासाठी एवढी शतके का लागली, हा प्रश्न मात्र त्या भूमिकेने मिटत नाही.

हा प्रश्न सासष्टीपुरता नव्हता. तीन दशके आधी जपानमध्ये फ्रान्सिस झेवियर यांना नवख्रिस्ती लोकांनी रडत विचारले होते की, हे वचन आमच्या पूर्वजांपर्यंत का पोचले नाही आणि त्यांचे आता काय झाले असेल? झेवियर यांना ते रडणे सोसले नाही, असे त्यांच्या पत्रांवरून कळते. देवळे पाडली गेलेल्या गावांत तर हा प्रश्न अधिकच टोकदार असणार. तेव्हा स्टीफन्स यांनी पहिले पुराण एवढे लांबवले याला एक कारण संभवते. जे वचनाच्या काळात जन्मले आणि पूर्तीपूर्वी मेले अशा माणसांच्या कथा त्यांनी मराठीत मनापासून आणि मानाने सांगितल्या. अब्राहाम, योसेफ, मोशे, दाविद यांपैकी कोणीही तारणाऱ्याला पाहिले नाही, तरी ग्रंथात ते हरलेले वाटत नाहीत. आपल्या आजोबा-पणजोबांना ऐकणाऱ्याने कुठे बसवायचे, याला त्यात थोडी जागा सापडत असावी. दुसऱ्या पुराणात बाळ येशूला मंदिरात नेले जाते तेव्हा म्हातारा शिमोन त्याला हातांत घेतो. तारणाऱ्याला पाहिल्याशिवाय मरण येणार नाही असे त्याला सांगितले गेले होते. आयुष्यभर दारात बसलेल्या त्या माणसाला अखेर जे पाहायला मिळाले ते चाळीस दिवसांचे एक गरीब घरचे मूल. त्याच्यापुरते तेवढे पुरे झाले.

जुवारीपलीकडे दैवते घेऊन गेलेल्यांचेही एक वाट पाहणे होते. ख्रिस्तपुराणात त्याची नोंद नाही, असण्याची अपेक्षाही नाही. पण गोव्यात हा ग्रंथ वाचताना नदीच्या दोन्ही काठांवर त्या शतकात लोक कसली ना कसली वाट पाहत बसले होते, हे विसरून चालत नाही. सत्तेच्या बळावर पोचवलेले वचन आणि ज्याला ते सांगायचे त्याची भाषा चाळीस वर्षे शिकून सांगितलेले वचन, यांत अंतर आहे. स्टीफन्स दुसऱ्या प्रकारचे होते. पण ते पहिल्याच्या सावलीत उभे होते, आणि त्यांना ऐकायला बसलेल्यांत त्या सावलीतून आलेले पुष्कळ होते.

ग्रंथ लिहून झाला तरी छापणे सोपे नव्हते. गोव्यात मुद्रणालय १५५६ मध्येच आले होते, पण देवनागरी खिळे नव्हते. १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी रोमला संघप्रमुखांकडे पत्र लिहून इथल्या लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी आणि मदत मागितली. त्याच वर्षी सुरतेच्या बाऱ्यावर ‘हेक्टर’ आले होते. खिळे काही आले नाहीत. मराठी ओव्या रोमन अक्षरांत बसवाव्या लागल्या. त्यासाठी त्यांनी उच्चार दाखवण्याची स्वतःची पद्धत ठरवली आणि वाचकाला ती समजावून दिली. शुद्ध मराठी सर्वांना उमगणार नाही म्हणून तिच्यात कोकणीचे सोपे शब्द मिसळल्याचेही त्यांनी सांगितले. मग धर्मन्यायपीठ, बिशप, संघ आणि व्हाइसरॉय यांचे परवाने. सुवाळीहून हात हलवत परतलेल्या व्हाइसरॉयच्याच कारकिर्दीत, १६१६ मध्ये, रायतूरच्या विद्यालयात ग्रंथ छापून निघाला. लेखक गोव्यात आल्याला सदतीस वर्षे झाली होती.

त्या वर्षी हिंदुस्थानात आणखी एका इंग्रजाचे नाव गाजत होते. राजा जेम्सचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेला उतरून जहांगीरच्या दरबारी गेला होता. व्यापाराचा पक्का करार मिळावा म्हणून त्याने तीन वर्षांहून अधिक काळ दरबारात उमेदवारी केली आणि मनाजोगता करार न मिळताच फेब्रुवारी १६१९ मध्ये तो सुरतेहून जहाजात बसला. इंग्लंडहून बहुतेक पायी चालत आलेला टॉमस कोरयट डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेत मरण पावला. फेऱ्या, फर्माने, नजराणे यांनी भरलेल्या त्या सुरतेत स्टीफन्स यांचे पुराण कोणाच्या खिजगणतीत नव्हते. रायतूरलाही सुरतेची बातमी शत्रूची बातमी म्हणूनच येत होती. रो परतला त्याच १६१९ साली फादर स्टीफन्स गोव्यात वारले.

ते गेले तेव्हा त्यांचा एकच ग्रंथ छापलेला होता. ख्रिस्ती शिकवणीचे कोकणीतले पुस्तक १६२२ मध्ये निघाले. कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, दियोगु रिबेरु यांनी भर घालून. भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून त्याचा उल्लेख होतो. पुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या झाल्या. रविवारी आणि सणांच्या दिवसांत चर्चमध्ये ते गायले जाई. मग वारा फिरला. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्वोर याने देशी भाषा मोडून काढण्याचे फर्मान काढले. ज्या भाषेत वचन सांगितले होते ती भाषाच आता नकोशी झाली. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज अस्तित्वात नाही.

पुराण वाचले ते हातांनी उतरवलेल्या पोथ्यांमुळे. गोवा सोडून कारवार-मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या बरोबर नेल्या. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूरच्या हजारो ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला बंदी करून नेले आणि १७९९ पर्यंत ते तिथेच अडकले. इजिप्तमधल्या गुलामीची आणि सुटकेच्या वचनाची कथा त्या घरांत पूर्वीपासून ओव्यांत गायली जात होती. बंदिवासानंतर ती दूरदेशीची उरली नसणार. त्याच मंगळूरमध्ये १९०७ साली जे. एल. साल्ढाणा यांनी हस्तलिखिते जमवून रोमन लिपीत ग्रंथ पुन्हा छापला, आणि अडीचशे वर्षांनी तो वाचकांच्या हाती आला. लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरीत लिहिलेली एक पोथी सापडली, तेव्हा भाषेविषयीचा वाद नव्याने रंगला. ती पोथी मराठीच्या अधिक जवळची, मंगळुरी पाठ कोकणीकडे झुकणारा. पर्वरीला कोकणीच्या अभ्यासाचे जे केंद्र आहे त्याला स्टीफन्स यांचेच नाव आहे, आणि मराठीच्या प्रत्येक वाङ्मयेतिहासातही त्यांच्यासाठी पाने राखलेली असतात. दोन्ही भाषांनी ज्याला आपला म्हटले असा हा विल्टशरचा माणूस.

पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली ती १९५६ साली. स्टीफन्स यांनी रोमला पत्र लिहून या लिपीचे खिळे मागितले होते त्याला तेव्हा तीनशे अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती.